पिंपरी-चिंचवड २०२७ मध्ये किती? ४० लाख नव्हे, २९ च्या आसपास

प्रश्न थोडक्यात असा: २००१ ते २०११ या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या ७० टक्क्यांनी वाढली. तोच वेग पुढे धरला तर २०२७ च्या जनगणनेत ४० लाखांच्या वर आकडा येतो, तो बरोबर का?

गुणाकार बरोबर आहे. २००१ ला सुमारे १०.१२ लाख, २०११ ला १७,२७,६९२, म्हणजे दशकात १.७ पट. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, मागचा १ मार्च २०११, म्हणजे मध्ये १० नव्हे, पूर्ण १६ वर्षं. १६ वर्षं म्हणजे १.६ दशकं, म्हणून १.७०६ चा १.६ वा घात घेतला की ४०.६ लाख येतात. गणितात खोट नाही, गृहीतकात आहे.

आधी हा आकडा जमिनीवर ठेवून बघा. महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटर. ४०.६ लाख माणसं म्हणजे चौ.किमी.ला २२,४०० च्या वर. २०११ मध्ये बृहन्मुंबई होती २०,६०० च्या आसपास. भोसरी-पिंपरीची एमआयडीसी, लष्कराची जमीन, नदीकाठ आणि अजून मोकळी असलेली चऱ्होली धरून पिंपरी-चिंचवड मुंबईपेक्षा दाट झालं असेल, हे पटतं का? कोणताही अंदाज काढला की पहिल्यांदा घनता काढावी. अर्धे अंदाज तिथेच गळतात.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १९९१ ते २००१ मध्ये बृहन्मुंबई ९९.३ लाखांवरून ११९.८ लाखांवर गेली, २०.७ टक्के वाढ. तोच दर २०११ पर्यंत लावला असता तर १४४.५ लाख आले असते. प्रत्यक्षात आले १२४.४ लाख, चूक २० लाखांची. लोक यायचे थांबले नव्हते; जागा संपत आणि महाग होत गेली, आणि वाढ हद्दीबाहेर ठाणे जिल्ह्यात सरकली. वेगाने वाढणाऱ्या शहराचा अंदाज फसतो तो बहुतेक असाच: शहर वाढत असतं, पण ती वाढ ज्या महापालिकेचा आकडा आपण काढतोय तिच्या खात्यात पडत नाही.

म्हणून हद्द आधी. या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं महापालिकेत घेण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू असली तरी ती बाहेरच आहेत. वाकडच्या टॉवरमधला माणूस मोजणीत येईल, हिंजवडीच्या टॉवरमधला येणार नाही. देहूरोड कॅन्टोन्मेंटही वेगळं. उलट मागच्या आकड्यांत हद्दवाढीची सूज आहे: १९९७ मध्ये १८ गावं आत आली, त्यामुळे १९९१ ते २००१ ची जवळपास दुप्पट वाढ खरी वाढ नाही, तो दर कुठेही वापरू नका. ताथवडे २००९ मध्ये आलं, पण एका गावाने फार फरक पडत नाही. (पुणे महापालिकेचं करायला जाल तर हे काम दसपट: २०१७ ला ११ गावं, २०२१ ला २३ गावं, मग उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर. तिथे ३१.२४ लाख हा २०११ चा मूळ आकडा पाया म्हणून चालतच नाही.) इंटरनेटवर फिरणारा 'पुणे ७५ लाख' हा आकडा तर संपूर्ण नागरी समूहाचा आहे, त्यात दोन्ही महापालिका आणि कॅन्टोन्मेंट धरलेली असतात.

आता आकडा तीन वाटांनी काढा.

पहिली, सरळ रेषा. २००१ ते २०११ मध्ये ७.१५ लाख वाढले, वर्षाला ७१ हजार. तेवढेच दरवर्षी धरले तर १६ वर्षांत ११.४ लाख, एकूण २८.७ लाख. शाळकरी वाटते, पण वाढ टक्क्यांत मंदावत असताना हीच पद्धत चक्रवाढीपेक्षा जवळ जाते.

दुसरी, जिल्ह्यातला वाटा. पुणे जिल्ह्यात २००१ ला ७२.३ लाख, २०११ ला ९४.३ लाख. पिंपरी-चिंचवडचा वाटा १४ टक्क्यांवरून १८.३ वर गेला. जिल्ह्याची दशवार्षिक वाढ ३० वरून २५ टक्क्यांवर उतरली असं धरा (राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ मध्येच १.७ वर आला होता, आता वाढ मुख्यतः स्थलांतराची), तर २०२७ ला जिल्हा १३५ लाखांच्या आसपास. वाटा २०.५ ते २२.५ धरला की २७.६ ते ३०.३ लाख. वाटा मागच्याच वेगाने चढवू नका, चाकण, हिंजवडी, वाघोली हे सगळे त्याच वाट्याचे भागीदार आहेत.

तिसरी, घरं. मिळकतकराच्या निवासी नोंदी, वजा बंद घरं, गुणिले सरासरी कुटुंब. सगळ्यात विश्वासार्ह वाटते आणि सगळ्यात जास्त फसवते. २०११ मध्ये देशातल्या ३३ कोटी घरांपैकी सुमारे २.४७ कोटी रिकामी होती. मोशी-पुनावळेसारख्या नव्या पट्ट्यांत गुंतवणुकीचे बंद फ्लॅट सरासरीपेक्षा जास्तच धरा. उलट जुन्या गावठाणात एका मिळकतीत चार-पाच भाडेकरू कुटुंबं असतात. कुटुंबाचा आकार ३.९ च्या जागी ४.० घेतला तर साडेसात लाख कुटुंबांमागे ७५ हजार माणसं वाढतात, म्हणजे एका अख्ख्या वर्षाची वाढ. म्हणून २०११ च्या जनगणनेच्या प्रभागनिहाय तक्त्यांतून कुटुंबाचा आकार स्वतः काढा, निगडी-आकुर्डीचा वेगळा, वाकड-रावेतचा वेगळा, आणि मग थोडा कमी करा.

मतदारयादीवरून फक्त खालची मर्यादा कळते. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीला इथे सुमारे १७.१ लाख मतदार होते. १८ वर्षांवरचे लोक ७२ टक्के धरले तर २३.८ लाख, पण मराठवाडा-विदर्भातून आलेल्या अनेकांची नावं गावाकडेच आहेत. नोंदणी ८५ टक्के मानली तर २८ लाख. दुबार नावं वगळली की थोडं खाली.

जन्मनोंदी वापरू नका. जन्म जिथे होतो तिथे नोंदवला जातो, त्यामुळे मावळ-मुळशीतल्या बाळांची नोंद पिंपरीच्या रुग्णालयांत होते. पाणीपुरवठाही नको, नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देणाऱ्या शहरात तो माणसं मोजत नाही, धरणातला कोटा मोजतो. आधारच्या नोंदीही नकोत, शहर बदललं तरी आधारचा पत्ता कोण बदलतं?

आणि एक विसरू नका: अंदाज जनगणनेच्या आकड्याचा करायचाय, खऱ्या लोकसंख्येचा नाही. २०११ च्या पडताळणीत देशात हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं, आणि शहरांत ते प्रमाण जास्त असतं. प्रगणकाला कुलूप दिसतं, शिफ्टला गेलेला भाडेकरू भेटत नाही, बांधकामावरची वस्ती मोजणीआधीच हललेली असते. २९ लाखांवर हे प्रमाण लावलं तरी ६७ हजार होतात.

सगळं धरून २७ ते ३१ लाख, मध्य २९. म्हणजे वर्षाला ३.३ टक्के, २००१ ते २०११ मध्ये हा दर ५.५ होता. घनता १६ हजार, तीही पटण्यासारखी. जनगणनेचा पहिला, घरयादीचा टप्पा २०२६ मधलाच आहे. त्याचे आकडे आले की कुटुंबसंख्या आधी बघा. सात लाखांच्या आत असेल तर अंदाज २७ कडे सरकवा, आठच्या वर गेली तर ३१ कडे.