एकच प्रत, दोघांत

प्रश्न : ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, मैत्रीदिनाला, गावच्या वाचनालयात पुस्तकांचा कार्यक्रम करायचाय. तिसरीच्या लेकरांपासून आज्ज्यांपर्यंत सगळे येतील. पण पुस्तकं मोजकीच आहेत आणि बऱ्याच आज्ज्यांना वाचता येत नाही. कसं करावं?
– एक वाचक, अंबाजोगाई तालुका

उत्तर : पुस्तकं मोजकी आहेत तेच बरं. कार्यक्रमाच्या आधी काही दिवस दोघांत मिळून एकच प्रत द्या. वेगवेगळी पुस्तकं दिली की जो तो आपल्या घरी वाचत बसतो. प्रत एकच असली की दुसऱ्याच्या दारी जावंच लागतं, आणि दारी गेलेलं लेकरू नुसतं पुस्तक देऊन परतत नाही.

जोड्या चिठ्ठ्या टाकून लावू नका. चिखल तुडवत गावाच्या दुसऱ्या टोकाला रोज कोण जाणार? एकाच गल्लीतले, पण वयानं लांबचे असे दोघे निवडा. खुरपणीचे दिवस असतात, म्हणून वेळ जेवणानंतरची ठेवा, वीस मिनिटांची. तेवढ्यात तिसरी-चौथीचं लेकरू मोठ्यानं पाच-सहा पानं वाचतं. म्हणून जाड कादंबरी नको, एका बैठकीत संपेल असा भाग काढा. ‘तोत्तोचान’ या जपानी मुलीच्या गोष्टीच्या पुस्तकात पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान झाडावर चढवते, तो प्रसंग घ्या. आधी साधी शिडी लावून जमत नाही, मग ती घडीची शिडी ओढत आणते. इथं लेकरानं थांबावं आणि आज्जीला विचारावं, ‘आता काय करील ही?’

वाचून झाल्यावर ‘कळलं का?’ असं कुणी विचारू नये, त्यानं परीक्षा सुरू होते. लेकरानं एवढंच विचारावं, ‘आज्जी, तुझी अशी मैतरीण कोण होती?’ ती सांगेल ते वहीत तिच्याच बोलीत उतरवावं. ‘मैतरीण’ खोडून ‘मैत्रीण’ केलं की आज्जी पुढचं जपून बोलायला लागते. रविवारी या वह्याच वाचा, भाषणं नकोत.

प्रश्न : नववी-दहावीची पोरं अशा कार्यक्रमाला येतच नाहीत.
– शिक्षिका, परभणी

उत्तर : त्यांना मोठ्यानं वाचायला लावू नका, लाज वाटते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ द्या, ती नववीतल्याच मुलाची गोष्ट आहे. कागदाच्या पट्टीवर वाटेल ते लिहून ती आवडलेल्या पानात ठेवायची आणि पुस्तक मित्राकडे द्यायचं, एवढंच सांगा. पट्टीवर काय लिहिलंय ते आपण बघायचं नाही.

प्रश्न : हातोहात फिरून पानं फाटतात. चिकटपट्टी लावावी का?
– ग्रंथपाल, हिंगोली जिल्हा

उत्तर : अजिबात नको. ती काही वर्षांत पिवळी पडून सुटते, डिंक मात्र कागदात मुरून राहतो. मैद्याची खळ करा. एक चमचा मैदा पाच चमचे थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. तो विषारी असतो, लेकरं बोटं तोंडात घालतात, तेव्हा टाळा. त्यापेक्षा खळ लागेल तेवढीच ताजी करा.

फाटेच्या कडा जुळवून वर पतंगाच्या पांढऱ्या पातळ कागदाची बोटभर पट्टी खळीनं चिकटवा. खळ जास्त झाली तर पान सुरकुततं. पानाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घालून वर वजन ठेवा, नाहीतर शेजारचं पानही चिकटतं. दोन-तीन तासांनी प्लॅस्टिक काढून कोरा कागद घाला आणि पुन्हा रात्रभर वजनाखाली ठेवा. पावसाळी हवेत आणखी एक दिवस द्या. ओल राहिली तर बुरशी धरते.