बेघर माणसांना जाहिरातीचा फलक धरायला लावणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न असा की घोडबंदर रोडला जिम उघडताय, जाहिरातीचे फलक घेऊन उभं राहायला ठाणे स्टेशनबाहेर झोपणारी तीन-चार माणसं रोजाने ठेवायची आहेत, पण घरचे म्हणतात हे बरं नाही.

माझ्या मते काम जरूर द्या. फक्त त्यांच्या बेघरपणाची जाहिरात होऊ देऊ नका.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात, बीबीएच या जाहिरात कंपनीने १३ बेघर माणसांना वाय-फायची यंत्रं देऊन उभं केलं. टी-शर्टवर लिहिलेलं, 'मी अमुक, मी ४जी हॉटस्पॉट आहे.' इंटरनेट वापरा आणि वाटेल ते द्या. पैसे त्या माणसांनाच मिळत होते, काहींनी काम आवडल्याचंही सांगितलं. तरी खूप टीका झाली आणि मला ती पटते. कंपनी म्हणाली, बेघरांनी रस्त्यावर अंक विकण्याचाच हा नवा प्रकार. पण लंडनमध्ये १९९१ पासून 'द बिग इश्यू' हे नियतकालिक विकणारा बेघर माणूस अंक स्वतःच्या पैशाने घेतो, विकतो आणि मधला नफा ठेवतो. तो विक्रेता असतो. ऑस्टिनमध्ये मात्र माणसालाच यंत्र म्हटलं होतं.

आता माझा अनुभव. नौपाड्यात माझं छपाईचं दुकान आहे. मे-जूनमध्ये क्लासवाल्यांची पत्रकं वाटायला माणसं लागतात. एका वर्षी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली राहणारे एक काका ठेवले. पहिल्याच दिवशी ते वेळेवर आले, पण खांद्यावर गोणी. आत घोंगडी, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. मी म्हटलं, "काका, हे कुठेतरी ठेवून या ना." ते म्हणाले, "कुठं ठेवू, शेठ? पालिकेची गाडी आली की उचलून नेतात." मग गोणी पायाशी ठेवून ते पत्रकं वाटायचे. गर्दीचा लोंढा आला की हात थांबायचा, डोळा गोणीवर. मी त्याला कामचुकारपणा समजलो, एकदा बोललोही. चार दिवसांनी गोणी दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवून घेतली, तर दुपारच्या आत गठ्ठा संपायला लागला.

पैशाच्या बाबतीतही चूक माझीच. गिऱ्हाइकाकडून बिलाचे पैसे आले की देतो, असं आमच्या धंद्यात सगळेच सांगतात. कॉलेजची मुलं थांबू शकतात, त्यांच्या घरी ताट वाढलेलं असतं. काका तिसऱ्या दिवशी उपाशी उभे होते, हे मला चहावाल्याकडून कळलं. तेव्हापासून ज्या दिवसाची हजेरी, त्याच संध्याकाळी रोख.

किती द्यायचे? बाकीच्या मुलांना देता तेवढेच, आणि सरकारी किमान वेतनाहून कमी नाहीच. 'त्यांना तेवढेही पुष्कळ' असं तुम्हाला कुणी तरी सांगणारच. १९८२ मध्ये, आशियाई खेळांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी आहे, माणूस स्वतःहून तयार झाला तरी. पोटासाठी हो म्हणावं लागणं हीसुद्धा सक्तीच.

आणि 'आम्ही बेघरांना रोजगार दिला' अशी रील कृपा करून टाकू नका. काकांनी गावाकडच्या लोकांना आपल्याला इथे वॉचमनची नोकरी आहे असं सांगितलं होतं. एका क्लासवाल्याने त्यांचा फोटो काढला, तर त्यांनी पत्रकं तोंडावर धरली. मी तो फोटो पुसायला लावला.

शनिवारी सुरुवात म्हणताय, तर शुक्रवारीच जिममधला एक-एक लॉकर त्यांच्या सामानासाठी मोकळा करा आणि किल्ली त्यांच्याच हातात द्या. मेट्रोच्या खांबांशिवाय तिथे सावली नाही, त्यामुळे बसायला स्टूल आणि पाण्याची बाटली लागेल. संडासही जिमचाच वापरू द्या. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी नाक मुरडलं तर त्यांच्याशी तुम्ही बोला, फलक धरणाऱ्या माणसांना बोलायला लावू नका.