उसाच्या चिपाडातलं नॅनोसेल्युलोज पीएलएत घातलं तर प्लास्टिक खरंच मजबूत होतं का?

तुम्ही ठाण्यात कॉलेजला आहात आणि रसवंतीवरची चिपाडं आणून त्यातून नॅनोसेल्युलोज (वनस्पतीतल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) काढून पीएलएत (पिकांपासून बनणारं प्लास्टिक) मिसळणार आहात, फरक पडेल का असं विचारलंय. मी रबाळे एमआयडीसीत कंपाउंडिंगवर (प्लास्टिक वितळवून त्यात इतर गोष्टी मिसळण्याच्या कामावर) बरीच वर्षं काढली आहेत. फरक पडतो, पण नीट मिसळता आलं तरच.

काढणं तसं माहितीतलं आहे. आधी कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), मग ब्लीच, मग ६४ टक्क्यांच्या आसपासचं सल्फ्युरिक ॲसिड ४५ डिग्रीला (हे सर समोर असतानाच करा, प्लीज), उरतात ते ५ ते २० नॅनोमीटर जाडीचे क्रिस्टल. त्यांचा कडकपणा १०० गिगापास्कलच्या वर, पीएलएचा साडेतीनच्या आसपास.

खरी गोची पुढे आहे. सेल्युलोजला पाणी हवं आणि पीएलएला ते नको, त्यामुळे या क्रिस्टलचं पाण्यातलं जेल नुसतं सुकवलं की क्रिस्टल एकमेकांना धरून बसतात, उपम्यात रव्याच्या गुठळ्या होतात ना तसं, आणि या गुठळ्या एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या मशीनमध्ये) पण फुटत नाहीत, आणि चाचणीची पट्टी ओढली की नेमकी गुठळीपासूनच तुटते. आम्ही पहिल्यांदा सुकी पावडर ५ टक्के थेट हॉपरमध्ये (मशीनच्या माल टाकायच्या तोंडात) टाकली होती. दाणे तपकिरी निघाले आणि पट्ट्या कोऱ्या पीएलएपेक्षा लवकर तुटल्या, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. तपकिरी का, तर ॲसिडचे सल्फेट ग्रुप राहतात आणि १८०-१९० डिग्रीला ते सेल्युलोज जळायला मदत करतात, म्हणून सुकवायच्या आधी थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल करून घ्या. नंतर आम्ही जेल ओलं असतानाच त्यात पीईजी (पाण्यात विरघळणारं पॉलिमर, पॉलिएथिलीन ग्लायकॉल) मिसळलं, मग सुकवलं, त्याचा मास्टरबॅच (थोड्या प्लास्टिकमधलं दाट मिश्रण) केला आणि तो पीएलएत घातला, तेव्हा कुठे मजबुतीचे आकडे वर गेले.

पीएलएचे दाणे पण ड्रायरमधून काढूनच घ्या. जुलैत आपल्याकडच्या हवेत ते भराभर ओल धरतात आणि गरम झाल्यावर पाण्याने साखळ्याच तुटतात, मग दोष नॅनोसेल्युलोजवर जातो.

रिपोर्टमध्ये ‘खाडीत आपोआप विरघळतं’ असं मात्र लिहू नका. पीएलएला ६० डिग्रीच्या आसपासचं कंपोस्टिंग लागतं, सेल्युलोज घातल्याने ते बदलत नाही.

१ टक्क्यापासून सुरू करा, मग ३, आणि कोऱ्या पीएलएच्या पट्ट्या त्याच दिवशी त्याच मशीनवर काढा. माटुंग्याला सिरकॉटमध्ये (कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था) नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांट आहे, ठाण्याहून स्लो लोकलने जाता येतं, कॉलेजचं पत्र घेऊन एकदा विचारून बघा.