भाचा आठवीत आहे. पोरं त्याला 'बायल्या' म्हणून चिडवतात, सरही हसतात. काय करावं?

मी अमळनेरकडे माध्यमिक शाळेत शिकवतो. आधी घरातलं बघा. 'जरा पुरुषासारखा वाग' असं कोणी म्हणत असेल तर ते बंद करा, नाहीतर पोरगं पुढे काही सांगणारच नाही.

माझ्या वर्गात गॅदरिंगला साडी नेसून नाचलेल्या मुलाच्या बाकावर कोणीतरी खडूने हाच शब्द लिहिला होता. मी तो स्वतः पुसला आणि विचारलं, "जत्रेच्या तमाशात बाईचं सोंग घेणाऱ्याला तुमचे आजोबा टाळ्या द्यायचे ना रे?" हसणारे गप्प झाले. एका दिवसात सुटलं नाही, महिनाभर टोकावं लागलं.

कोण, कधी, काय बोललं ते वहीत टिपा आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पोच घ्याच; तोंडी तक्रार चहाबरोबर विरते. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ नुसार विद्यार्थ्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. हसणाऱ्या सरांसाठी एवढं पुरे.

तो समलिंगी आहे का, हे खोदून विचारू नका. असला तरी आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून ते काढलंय. मारहाण होत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.