मत्स्यालयातल्या पाकट या चपट्या माशाच्या नराचे क्लास्पर (शेपटीच्या मुळाशी असलेले जुगायचे दोन अवयव) लांब आहेत, तरी पिल्लं होत नाहीत. वीर्य तपासून काही कळतं का?

कळतं, तपासणारा नीट असेल तर. क्लास्पर टणक झाला म्हणजे नर वयात आला, एवढंच. वीर्य आहे का आणि शुक्राणू पळतात का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला. लहानपणापासून जाळ्यातली पाकटं पाहिली, पुढे किनाऱ्यावरच्या एका मत्स्यालयात नोकरीला लागलो. तिथे असाच एक नर होता. साहेबांनी तो उलटा धरायला लावला (उलटा केला की पाकट गप्प पडतो, शेपटीचा काटा तेवढा आधी गुंडाळायचा) आणि पोट मागच्या बाजूला दाबत आणलं. अवस्करापाशी (मल, मूत्र आणि वीर्य बाहेर पडायचं एकच द्वार) दाट पांढरा थेंब आला. साहेबांनी तो काचपट्टीवर घेतला आणि त्यात चक्क नळाचं पाणी टाकलं! काहीच हलेना. वहीत लिहिलं, "नर निकामी."

अहो, पाकटाच्या रक्तात युरिया ठासून भरलेला असतो. त्यामुळे अंगातल्या द्रावाची तीव्रता समुद्राच्या पाण्याला धरून असते. गोड्या पाण्यात ते शुक्राणू फुगून मरणारच. दवाखान्यातलं सलाईनही चालत नाही, त्याची तीव्रता जेमतेम तिसरा हिस्सा. मी मीठ आणि युरिया मोजून घातलेला द्राव केला, अवस्कर कापसाने कोरडा करून नवा थेंब घेतला. लांबट, पिळाच्या डोक्याचे शुक्राणू स्वतःभोवती फिरत सरळ पुढे जात होते. साहेबांना दाखवलं. "वहीत लिहून झालंय," म्हणाले. ते मला आजही पटलेलं नाही.

तेव्हा तपासणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: वीर्य कशात पातळ केलंत? उत्तर देता आलं नाही तर अहवाल परत करा. थेंबात लघवी मिसळली तरी शुक्राणू मंदावतात, तेही विचारा. मादीच्या परांच्या कडेला चावे दिसतात का तेही बघा, नर जुगताना तिथेच धरतो.

हां, एक राहिलं. हंगाम नसताना वीर्य कमी मिळालं म्हणून नर वांझ ठरत नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघा. तुमचे पाकट ॲमेझॉनचे गोड्या पाण्यातले असतील तर मात्र वरचा द्राव वापरू नका, त्यांच्या अंगात युरिया अगदी कमी असतो. आणि पोट दाबायचं काम जलचरांच्या पशुवैद्याकडूनच करून घ्या.