दोन स्वेटर घालूनही हुडहुडी का भरते?

प्रश्न : बुटीबोरी एमआयडीसीत माझी फर्स्ट शिफ्ट असते. पहाटे नागपुरातल्या मानेवाड्याहून बाइक काढतो. आत थर्मल, वर दोन स्वेटर, तरी खापरी येईपर्यंत छातीत गारठा भरतो. आणखी काय घालू?

उत्तर : आणखी काही नको भाऊ, उलट एक स्वेटर कमी करा. स्वेटरची ऊब असते विणीत अडकलेल्या हवेची. गाडी साठच्या वेगाने निघाली की वारा विणीतून आरपार जातो आणि ती हवा उडवून नेतो. पारा 10 अंशांवर असला तरी त्या वेगात उघड्या कातडीला 5 अंशांसारखं बोचतं. म्हणून सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी पाहिजे. रायडिंग जॅकेट नसेल तर माळ्यावर टाकलेला रेनकोट काढा आणि स्वेटरवर चढवा. चेनच्या फटीतून वारा शिरतोच, तिथे आतून वर्तमानपत्राची चार पानं घडी करून लावा. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 वर आला होता, त्या सकाळी वर्धा रोडवर मी हेच केलं. दर खड्ड्याला छातीवर कागद चुरचुरायचा, पण गारठा आत आला नाही. काही जण जॅकेट उलटं, चेन पाठीकडे करून घालतात. वारा अडतो खरा, पण मान वळवली की कॉलर गळ्याला आवळते. मला ते पटत नाही.

प्रश्न : लोकरीचे हातमोजे असूनही बोटं बधिर होतात. सिग्नलला सायलेन्सरवर हात शेकले तर?

उत्तर : नका शेकू. हातमोज्यात नायलॉन असेल तर ते वितळून चिकटेल, आणि बधिर बोटाला चटका बसल्याचं कळणारही नाही. त्यापेक्षा हात काखेत धरा. लोकरीवर चामड्याचे हातमोजे चढवा, पण सैल; आवळून बसले तर बोटांत रक्तच फिरत नाही. आता मनगट बघा. हातमोजा आणि बाही यांच्यात दोन बोटं फट असते, तिथून वारा थेट कोपरापर्यंत चढतो. हातमोजा लांब घ्या आणि बाही त्यात खोचा. बोटं बधिर झाली तर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा हट्ट न करता थांबा, टपरीवर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरा.

प्रश्न : हेल्मेटखाली माकडटोपी चालेल का?

उत्तर : जाड नको. लोकर दबली की हेल्मेट डोक्यावर डुगडुगतं. डोकं आणि मान झाकणारी पातळ कापडी टोपी, म्हणजे बालाक्लाव्हा घ्या, पण नाक बाहेर ठेवा, नाहीतर श्वास वर जाऊन काच धुकटते.

प्रश्न : मुलीला शाळेत सोडताना स्कूटीवर पुढे उभी करते. तिला सारखी सर्दी असते.

उत्तर : सर्दी विषाणूंमुळे होते ताई, वाऱ्याने नव्हे. पण पुढे उभी असली की सगळा वारा तीच झेलते, आणि अचानक ब्रेक लागला तर हँडलवर आदळते. मागे बसवा, तिच्या मापाचं हेल्मेट घाला, गुडघ्यांवर जाड पॅन्ट असू द्या. तुमच्या स्कार्फची टोकं मात्र जॅकेटच्या आत खोचा, चाकात अडकायला एक झुळूक पुरते.