वाचकांचे प्रश्न : पिन बारीक की दावा पोकळ?

प्रश्न : आम्ही 12.00 मिमी व्यासाच्या पिना घेतो. सरासरी 12.00 आणि प्रमाण विचलन 0.06 मिमी, असा पुरवठादाराचा दावा. नव्या लॉटमधल्या 36 पिना मोजल्या, सरासरी 11.98 भरली. तो म्हणतो, ‘फरक 0.02 चा, 0.06 च्या आतच आहे, मग तक्रार कसली?’ त्याचं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. 0.06 हा एकेका पिनेतला चढउतार झाला. 36 पिनांमध्ये जाड पिना बारीक पिनांना सांभाळून घेतात, त्यामुळे सरासरी इतकी हलत नाही. तिचं विचलन 0.06 भागिले 36 चं वर्गमूळ, म्हणजे 0.01. तुमची सरासरी त्या मापाने दोन पावलं खाली आहे. दावा खरा धरला, तर एखादी पिन 11.98 किंवा त्याहून बारीक निघण्याची शक्यता साधारण 37 टक्के, म्हणजे रोजचीच गोष्ट. पण 36 पिनांची सरासरी तिथवर उतरण्याची शक्यता जेमतेम 2.3 टक्के. पुरवठादाराला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

तरी लगेच लॉट परत पाठवू नका. 2.3 टक्के ही त्याचा दावा खरा असण्याची शक्यता नव्हे. दावा खरा असताना इतकी खालची सरासरी येण्याची ती शक्यता आहे. हा घोळ अनुभवी माणसांकडूनही होतो, आणि त्यात चांगला पुरवठादार नाहक बदनाम होतो.

पिना कुठून उचलल्या, तेही पाहा. एकाच पेटीच्या वरच्या थरातल्या पिना बहुधा मशीनवरून लागोपाठ उतरलेल्या, एकमेकींसारख्या असतात. तसं असेल तर वरचं सगळं गणित फुकट. सगळ्या पेट्यांमधून, तळातूनही, नव्या 36 काढा. सरासरी कितीच्या खाली गेली तर लॉट नाकारायचा, ते मोजण्याआधी लिहून ठेवा. जुन्या 36 त्यांत मिसळू नका. संशय त्यांच्यामुळेच आला.

इन्स्पेक्शनला असताना मी एक लॉट बारीक ठरवून बाजूला काढला होता. नंतर मायक्रोमीटर गेज ब्लॉकवर, म्हणजे नेमक्या ठाऊक मापाच्या ठोकळ्यावर लावला, तर तोच 0.02 कमी दाखवत होता. माल ठीक होता. तुमचा फरकही नेमका तेवढाच आहे. तेव्हा मायक्रोमीटरचे जबडे पुसा, रॅचेटने (जास्त दाब पडू न देणाऱ्या टोकाच्या मुठीने) हलकेच बंद करा आणि नवी पिन धरण्याआधी शून्य तपासा.